म्हातारपण, अपंगत्व आणि आपला शेजार

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात शिक्षकाने उभे राहायचे ते निकालाबद्दल, शिस्तीबद्दल नाही तर पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायला, असा आपला रिवाज आहे. आज तो रिवाज मी थोडा मोडणार आहे. ज्यांची नावे आपल्या हजेरीपटावर नाहीत अशा माणसांविषयी मला बोलायचे आहे. आपल्या घरातले आणि शेजारचे वृद्ध, तसेच गावातले अपंग स्त्री-पुरुष, ही ती माणसे. सरकारी भाषेत आता ‘दिव्यांग’ असा शब्द आला आहे. शब्द बदलला ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्या माणसाचा दिवस कसा जातो हा प्रश्न शब्दाने सुटत नाही.

पेण आणि रोहा तालुक्यांतली आपली गावे डोळ्यांपुढे आणा. तरुण मुलगा मुंबईला, पनवेलला, नाही तर कुवेत-दुबईला. घर चांगले बांधलेले, पुढे लोखंडी फाटक. पण त्या घरात राहते कोण? सत्तरी ओलांडलेली आई, फार तर वडील, आणि एखाद्या घरी पाय अधू असलेला भाऊ. दर महिन्याला पैसे येतात, मुलगा कर्तव्याला चुकत नाही. पण औषध आणायला पेणच्या नाही तर रोह्याच्या बाजारात कोणीतरी जावेच लागते, आणि नेमका तो कोणीतरी घरात नसतो.

याचा आपल्या शिक्षणसंस्थेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आजी अंथरुणाला खिळली की घरातली कोणती व्यक्ती आपले काम सोडते? बहुधा सून, नाही तर दहावी-बारावीतली नात. मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळेत येत नाही, मग चार दिवस येत नाही, आणि एक दिवस तिचा दाखला मागायला वडील येतात. म्हाताऱ्या माणसाला वेळेवर मिळालेला आधार हा त्या मुलीच्या शिक्षणालाही मिळालेला आधार असतो.

आता स्वावलंबन म्हणजे काय, हे नीट पाहू. कोणाचीही मदत न घेता सर्व कामे स्वतः करणे असा अर्थ घेतला तर आपल्यापैकी एकही जण स्वावलंबी ठरणार नाही. आपले कपडे दुसरा शिवतो, भात दुसरा पिकवतो, एस.टी. दुसरा चालवतो. माझ्या मते आपल्या दिवसाचा निर्णय आपल्या हाती असणे, हे स्वावलंबन. केव्हा उठायचे, काय जेवायचे, कोणाकडे जायचे, आपले पैसे कशावर खर्च करायचे, हे ज्याला ठरवता येते तो खाटेवर असला तरी स्वतंत्र आहे. आणि ज्याला हे कोणी विचारीतच नाही, तो भरल्या घरातही पराधीन आहे.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन शिकण्याच्या वयात कमरेखाली लुळेपणा आला आणि चाकाची खुर्ची कायमची सोबतीला आली. खचून गेलेल्या त्या मुलीला बाबूकाका दिवाण भेटले. त्यांचेही पाय निकामी होते, तरी ते आपला व्यवसाय सांभाळीत होते. पुढे नसीमाताईंनी शिक्षण घेतले, केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, अपंगांना लागणाऱ्या साधनांची कार्यशाळा, आणि आपल्याच कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजूप्रक्रियेचा उद्योग, एवढा त्या कामाचा विस्तार झाला. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. एका मुलीला योग्य वेळी एक माणूस भेटला, आणि त्यातून शेकडो मुलांना वाट मिळाली, हे ध्यानात घ्या.

आपल्याला एवढे मोठे काम जमेल असे मी म्हणत नाही. आपण घरापासून सुरुवात करू. कोकणातले जुने घर पावसाच्या हिशेबाने बांधलेले असते. जोते उंच, ओटीवर चढायला तीन-चार पायऱ्या, मध्ये उंबरठा, न्हाणी मागल्या पडवीत आणि संडास परसात. जून लागला की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. तरुणाला याचे काही वाटत नाही. गुडघे धरलेल्या आजीला मात्र रात्री परसात जाणे संकट वाटते. मग ती काय करते? संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडते. त्यातून लघवीचे विकार होतात, बद्धकोष्ठ होते, चक्कर येते. आणि एखाद्या रात्री पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. कालपर्यंत स्वतः चूल पेटवणारी बाई त्या रात्रीपासून दुसऱ्याच्या हाती जाते.

हे टाळायला फार पैसा लागत नाही. पायऱ्यांना एका बाजूने घट्ट कठडा, न्हाणीत भिंतीला धरायला दांडी, खरबरीत फरशी, खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि खाटेजवळ एक कमोडची खुर्ची. गवंड्याचे आणि सुताराचे एक-दोन दिवसांचे काम. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा असेल तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, हे गवंड्याला आधी सांगा. जागा कमी म्हणून उभा उतार केला तर तो पायऱ्यांपेक्षा घातक ठरतो. अंगण लहान असेल तर उतार वळवून घ्यावा. नवे घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे, की खालच्या मजल्यावर एक खोली, तिला लागून संडास आणि दार तीन फूट रुंद, एवढे नकाशातच धरा. आपण सारेच एक दिवस त्या खोलीत जाणार आहोत.

दुसरी गोष्ट सरकारी मदतीची. या बाबतीत रायगडकरांना अभिमान वाटावा असा इतिहास आहे. म्हसळा तालुक्यातील आंबेतचे सुपुत्र बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार, विधवा, अपंग आणि दुर्धर आजारी माणसांसाठी ती आहे. पासष्टीपुढच्या निराधारांसाठी ‘श्रावणबाळ’ योजना आहे. २०२३ मध्ये ही मदत दरमहा १,५०० रुपये झाली, आणि अपंग लाभार्थ्यांना २,५०० रुपये देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. दोन्ही योजनांना उत्पन्नाची मर्यादा आहे आणि दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात जातात.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. हात-पाय आणि डोळे एवढ्यापुरतेच ते राहिलेले नाही. बहिरेपणा, मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया हेही त्यात येतात. अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे ओळखपत्र मिळाले की बाकीची दारे उघडतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? एस.टी.त अपंगांना सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट आहे आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे. ज्यांना बँकेपर्यंत जाणे होत नाही त्यांना आपल्याच खात्यातली रोख रक्कम पोस्टमन घरी आणून देऊ शकतो. टपाल खात्याची पेमेंट्स बँक २०१८ पासून हे काम करते. वृद्धांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी आहे. आणि मुले सांभाळीत नसतील तर २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले आणि मुलाने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागण्याची तरतूदही त्यात आहे. असा अर्ज करण्याची वेळ कोणावर न येवो. पण हक्क ठाऊक असावा.

इतके सारे असूनही माणसे वंचित का राहतात? कारण कागद आणि माणूस यांच्यामध्ये अंतर आहे. रोह्याच्या खेड्यातल्या माणसाने तपासणीसाठी अलिबागला जायचे, एखादा कागद कमी पडला म्हणून परत यायचे, पुन्हा जायचे. ज्याला चालता येत नाही त्यालाच आपण सर्वांत जास्त फेऱ्या घालायला लावतो!

आमच्या नववीच्या एका विद्यार्थ्याच्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांचे अनुदान काही महिने बंद पडले होते. मुलाने चौकशी केली तेव्हा कळले, की बँकेच्या खात्याला आधार जोडलेले नव्हते, आणि जन्मभर भातलावणी केलेल्या त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मुलगा सोबत गेला, दोन फेऱ्यांत काम झाले. पहिले पैसे हाती आले तेव्हा त्या बाईंनी सर्वांआधी शेजारणीची उसनी साखर परत केली. मदत सरकारची होती, कायदाही होता. कमी होता तो सोबत जाणारा एक मुलगा.

अशी सोबत संघटित करता येते काय? येते. केरळात कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली असाध्य दुखण्याच्या रुग्णांसाठी एक लहान केंद्र सुरू झाले. थोड्याच वर्षांत शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या लोकांनी ते काम गावागावांत नेले. तो जिल्हा आपल्यासारखाच आहे. तिथलेही तरुण आखातात आणि आईबाप गावी. तिथे सामान्य माणसांनी थोडे प्रशिक्षण घेतले, आठवड्यातले दोन-चार तास दिले, दुकानदारांनी आणि मजुरांनी जमेल तेवढे पैसे दिले. परिचारिकेसोबत हे स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, कंबर मोडलेले मजूर, सर्वांची विचारपूस होऊ लागली, आणि विद्यार्थीही त्यात सामील झाले. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आखले. आधी शेजारी जागे झाले, सरकार मागून आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

म्हणून संस्थेपुढे आणि आपणा सर्वांपुढे मी तीन सूचना ठेवतो.

पहिली, शनिवारची सकाळ. शाळेत दर शनिवारी दोन तास एक शिक्षक आणि वरच्या वर्गातले चार विद्यार्थी बसतील. अर्ज भरणे, कागद तपासणे, तपासणीची तारीख पाहणे, हयातीच्या दाखल्याची आठवण देणे, एवढेच काम. एकही वृद्ध कागद कमी पडल्यामुळे परत फिरू नये.

दुसरी, साधनांचे भांडार. पुष्कळ घरांच्या माळ्यावर कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची धूळ खात पडलेली असते. ज्याची होती तो माणूस आता नाही. ती शाळेकडे किंवा जमातीकडे द्या. दुरुस्त करून, नोंद ठेवून, गरजूला वापरायला देऊ. काम झाले की परत घेऊ. मागणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हा प्रश्न भांडाराच्या वहीत असणार नाही. रमजानमध्ये आपला हात सैल असतो. त्यातला थोडा वाटा उरलेल्या अकरा महिन्यांच्या औषधांसाठी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

तिसरी, शेजारचे एक घर. आठवीपुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आळीतले एक घर आपले मानावे. शाळेतून घरी जाताना पाच मिनिटे डोकवावे. औषध संपले आहे काय, दिवा लागतो काय, मुलाला फोन लावून द्यायचा आहे काय, एवढे विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, यात एक पथ्य पाळा. मदत करण्याआधी विचारा. आंधळ्या माणसाचा हात न विचारता धरू नका, त्याला तुमचा हात धरू द्या. आजोबांना मोठ्याने बोललेले ऐकू येत नसेल तर समोर बसून सावकाश बोला. त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत दुसऱ्याशी बोलू नका. पैसे त्यांच्याच हाती मोजून द्या. आणि केलेल्या मदतीचे फोटो मोबाईलवरून गावभर पाठवू नका. गरिबाची अब्रू ही त्याची शेवटची मिळकत असते.

परदेशी असलेल्या मुलांना पालकांनी माझा एक निरोप द्यावा. आईसाठी जे करायचे ते आईला विचारून करा. तिला आपल्या घरात राहायचे असेल तर तिला शहरातल्या बंद खोलीत नेण्याची घाई नको. गावातल्या एखाद्या गरजू बाईला योग्य पगार देऊन सकाळ-संध्याकाळ सोबतीला ठेवा. एका घरी आधार आणि दुसऱ्या घरी चूल, दोन्ही होईल. मात्र तो भार शाळेत जाणाऱ्या मुलीवर टाकू नका.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी वही घेऊन शाळेत बसलेला असेन. आपल्या आळीतल्या एका माणसाचे नाव, त्याला विचारून, मला आणून द्या. एवढे बोलून आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.