चाचणी पास, पण कशामुळे?

(उत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला. संगणक हौसेने शिकलो आणि मंडळाच्या वर्गणीसाठी जावात छोटा प्रोग्रॅम लिहिला. खजिनदारांनी पहिल्याच दिवशी पाचशेच्या जागी उणे पाचशे टाकले, आणि प्रोग्रॅमने ते निमूट घेतले! नेमकी हीच चाचणी मी आदल्या रात्री पास केली होती.

जावात तपासणीसाठी जेयुनिट हे साधन आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली एका विमानप्रवासात त्याची सुरुवात केली. २००६ च्या चौथ्या आवृत्तीपासून तपासणीच्या मेथडवर '@टेस्ट' अशी खूण करतात. खूण विसरलात तर ती मेथड चालतच नाही, आणि तक्रारही येत नाही. त्याच खुणेत 'अमुक एक्सेप्शन अपेक्षित' असेही लिहिता येई. एक्सेप्शन म्हणजे प्रोग्रॅमचा नकार. नकार आला की चाचणी पास.

माझ्या मेथडमध्ये दोन ओळी होत्या: पावती क्रमांक द्या, उणे पाचशे टाका. नकार आला, पण पहिल्या ओळीतून! क्रमांकच मी चुकीचा दिला होता. उणे रक्कम अडवणारी ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हतीच.

मला एकदम नोकरीतली सुरुवातीची वर्षे आठवली. एका स्टेशनवर इंटरलॉकिंगची तपासणी चालली होती. एका बाजूने गाडी घेतली की समोरून त्याच लाइनवर येणारा सिग्नल लालच राहिला पाहिजे. राहिला. मी तक्त्यावर खूण केली. साहेब म्हणाले, "आता पहिला मार्ग सोडा आणि समोरचा सिग्नल देऊन दाखवा." सिग्नल येईना! तिकडच्या पॉइंटचे डिटेक्शनच मिळत नव्हते. म्हणजे इंटरलॉकिंग असो वा नसो, तो लालच राहणार होता. डिटेक्शन दुरुस्त करून पुन्हा तपासले, तेव्हा तो योग्य कारणाने लाल राहिला. पण माझी ती खूण तशीच राहिली असती तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

जेयुनिटच्या २०१७ च्या पाचव्या आवृत्तीत खुणेतली ती सोय काढली. त्याऐवजी 'असर्टथ्रोज' आहे: ज्या एका ओळीतून नकार हवा, तेवढीच त्यात ठेवायची. नकाराचा मजकूरही तपासता येतो.

आता मी आधी पाचशे रुपये नीट जमा होतात का ते पाहतो, मग त्याच पावतीवर उणे पाचशे टाकतो. खजिनदारांनी यंदा मुद्दाम पुन्हा प्रयत्न केला. जमले नाही.