कपाट कुणाच्या मापाचं?

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात प्रसारित झालेलं भाषण)



पाऊस ओसरला की दिवाळीच्या आधी बऱ्याच घरांत एक विषय निघतो. ‘यंदा बेडरूममध्ये भिंतभर कपाट करून टाकू.’ आपल्या आज्ज्यांचा संसार भिंतीतल्या फडताळात, एका ट्रंकेत आणि दोरीवर मावायचा. मग लग्नात माहेरून लोखंडी कपाट यायला लागलं. आता स्लॅबची घरं झाली, कपडे वाढले, तेव्हा सुताराकडून जागेवरच कपाट बनवून घेतात. खर्च मोठा असतो आणि एकदा ठोकलेलं कपाट वीस-पंचवीस वर्षं तिथेच राहतं.

पण ते ठरतं कसं? मिस्त्री येतात, टेप लावतात, घरातल्या पुरुषाला विचारतात, “किती फूट धरू?” मोबाइलवर एक फोटो दाखवतात आणि काम सुरू होतं. त्या कपाटात रोज दहादा हात घालणारी बाई तेव्हा चहा ठेवायला गेलेली असते. म्हणून आज आम्ही सुताराच्या आधी घरात काय ठरवायचं, ते सांगणार आहोत. कुणाचे कपडे किती, कुणाचा हात कुठवर पोचतो आणि किल्ली कुणाकडे, हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं कागदावर आली की कपाट अर्धं झालं म्हणा.

पहिलं काम मोजणीचं. एका दुपारी घरातले सगळे कपडे पलंगावर काढा आणि तीन ढीग करा: हँगरवर राहणारे, घडी करून ठेवायचे आणि ड्रॉवरमध्ये जाणारे बारीकसारीक. प्रत्येक माणसाचे ढीग वेगळे. आता टेप घ्या. शर्ट हँगरला लावून हुकापासून खालपर्यंत मोजला तर साधारण ३८ ते ४० इंच भरतो. लांब कुर्ता ५० इंचांपर्यंतही जातो. साडीचा पन्हा ४५ ते ४७ इंच. त्याच्या चार घड्या केल्या की रुंदी होते साधारण १२ इंच. म्हणजे २९ इंच रुंद कप्प्यात साड्यांच्या दोन चळती बसतात आणि हात घालायला जागाही उरते.

चळत किती उंच असावी? आठ-दहा साड्यांची. त्याहून उंच केली तर खालची साडी ओढताना वरचा सगळा डोलारा अंगावर येतो. म्हणून दोन फळ्यांमध्ये १८ इंच अंतर ठेवण्यापेक्षा १२-१३ इंच ठेवा आणि फळ्या वाढवा.

जरीच्या जड साड्या, पैठणी वगैरे, कायम हँगरला टांगू नका. जरीच्या वजनाने कापड घडीवर ताणलं जातं. मऊ सुती कापडात गुंडाळून फळीवर आडव्या ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. डांबर गोळ्या जरीला लागता कामा नयेत, जर काळी पडते. लहान मुलांच्या हाती तर त्या गोळ्या मुळीच पडू देऊ नका, त्या विषारी असतात.

आता दुसरा प्रश्न, हात कुठवर पोचतो. भिंतीला पाठ लावून उभं राहा. गुडघा, कंबर, खांदा आणि वर केलेल्या हाताची बोटं, या चार ठिकाणी खडूने खुणा करा. घरातल्या प्रत्येक माणसाच्या करा. ज्या बाईची उंची ५ फूट, तिची बोटं सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतात. पण कपाट दोन फूट खोल असतं. मागची वस्तू काढायची तर हात आणखी आत जायला हवा, म्हणून तिच्यासाठी पावणेसहा-सहा फुटांच्या वर रोजचं काही नको.

सगळ्यात सोयीची जागा कंबर ते खांदा. ती जागा घरात कुणाला मिळते, ते आपापल्या घरी जाऊन बघा. आम्ही जी कपाटं पाहिली, त्यांपैकी कितीतरी ठिकाणी तिथे इस्त्रीचे शर्ट टांगलेले होते आणि बाईच्या साड्या वरच्या लॉफ्टमध्ये नाहीतर पलंगाखालच्या पेटीत होत्या. स्टुलावर चढायची तीच आणि वाकायचीही तीच. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांचा कप्पा कंबरेच्या वरच हवा. खालचा ड्रॉवर मुलांना द्या. हात पोचला की पोरं स्वतःचे कपडे स्वतः ठेवायला शिकतात. लॉफ्टमध्ये वर्षातून एक-दोनदा लागणारं सामान ठेवा: जास्तीच्या गोधड्या, गणपतीचं मखर, प्रवासी बॅगा.

आता एक नमुना सांगतो. पेन्सिल घ्या. कपाट ५ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल. मधोमध एक उभी फळी. दोन भाग झाले, आतून प्रत्येकी साधारण २९ इंच. जमिनीपासून ४ इंचांची बैठक सोडा. डाव्या भागात खाली ८ इंची ३ ड्रॉवर, म्हणजे २४ इंच. त्यावर ४२ इंच टांगायला, शर्ट आणि मध्यम कुर्त्यांसाठी. सगळ्यात वर १२ इंचांचा कप्पा. उजव्या भागात खाली १० इंची एक मोठा ड्रॉवर, चादरी-अभ्र्यांसाठी, आणि वर १३ इंचांचे ५ कप्पे. बैठक आणि फळ्यांची जाडी धरून दोन्ही भाग साधारण ८४ इंचांत बसतात. लांब कुर्ते जास्त असतील तर डावीकडचा एक ड्रॉवर कमी करा, टांगायची जागा ५० इंचांपर्यंत होते.

याला माल किती लागेल? प्लायवूडची शीट ८ फूट बाय ४ फूट असते. उभी मधोमध चिरली की २ फुटी दोन पट्ट्या निघतात. करवतीचं पातं थोडं खातं, म्हणून खोली पावणेचोवीस इंच धरा. आमच्या हिशेबाने या नमुन्यातल्या बाजू, फळ्या, १५ इंची ४ दारं आणि ड्रॉवरचे दर्शनी भाग १८ मिलिमीटरच्या ५ शीटमध्ये बसतात. ड्रॉवरच्या बाजूंना १२ मिलिमीटरची १ आणि पाठीला व ड्रॉवरच्या तळांना ६ मिलिमीटरच्या २. हा हिशेब हाताशी असला की मिस्त्रींनी आठ-नऊ जाड शीट सांगितल्या तर “दादा, कुठल्या तुकड्याला कुठली शीट, जरा काढून दाखवता का?” असं विचारता येतं. चांगला कारागीर या प्रश्नावर रागवत नाही, उलट खूश होतो.

मालाचा प्रकारही तुम्हीच ठरवा. शीटवर छापलेलं वाचा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, कोरड्या खोलीला चालतं. बीडब्ल्यूआर त्याहून चांगलं. आयएस ७१० छापलेलं असेल तर ते मरीन प्लाय, महाग पण पाण्याला टिकणारं. सगळं कपाट मरीनचं करायची गरज नाही. कोकणात किंवा ओलीच्या घरात बैठक, तळ आणि भिंतीकडची बाजू चांगल्या प्लायची करा, वरच्या फळ्या साध्या चालतात. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागलं की फुगतो आणि त्यातला निघालेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही.

ज्यांना प्लाय परवडत नाही, त्यांनी मन छोटं करू नका. भिंतीत कडप्प्याच्या फळ्या बसवलेलं कपाट आपल्याकडे गावोगावी आहे. त्याला वाळवी लागत नाही. कडप्प्यात ड्रॉवरचे स्क्रू बसत नाहीत, म्हणून एका कप्प्यात प्लायची लहान पेटी बसवून त्यात दोन ड्रॉवर करा. पुढे दारं लावा. माप घेण्याची पद्धत तीच.

भिंतीची ओल आधी तपासा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. ती बंद केल्याशिवाय कपाट लावणं म्हणजे पैसे भिंतीत घालणं. भिंत कोरडी असली तरी पाठीमागे इंचभर जागा मोकळी सोडा आणि वाळवीचं औषध कपाट बसवण्याआधीच मारून घ्या. बैठकीला पुढून कोटा किंवा फरशीची पट्टी लावा, म्हणजे रोज लादी पुसताना प्लायला पाणी लागणार नाही.

काम चालू असताना काय बघायचं? फळी आधाराशिवाय अडीच फुटांपेक्षा लांब नको, साड्यांच्या वजनाने झोल येतो. चौकट उभी राहिली की कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. ती सारखी असली तर चौकट गुण्यात आहे. नसली तर दारं कधीच नीट बसणार नाहीत. ड्रॉवरच्या चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो. म्हणून २९ इंचांच्या भागात ड्रॉवरची पेटी २८ इंचांची होते. दार उघडल्यावर ड्रॉवर त्याला घासत असेल तर त्या बाजूला पॅकिंगची पट्टी लावून पेटी आणखी अरुंद करावी लागते. ड्रॉवरचा तळ खाचेत बसवायला सांगा. खालून नुसते खिळे मारले तर वजनाने तळ सुटतो. ७ फुटी दाराला ४ बिजागऱ्या हव्यात. ज्या फळ्यांची उंची पुढे बदलावी लागेल, त्यांना खिळे न मारता पिनांवर ठेवा. मुलगी मोठी झाली, फ्रॉकचे ड्रेस झाले, की फळी दोन इंच वर-खाली करता येते.

दर ठरवताना एकच गोष्ट नीट विचारा. मिस्त्री समोरून दिसणाऱ्या चौरस फुटावर दर सांगतात. आपलं कपाट ५ गुणिले ७, म्हणजे ३५ चौरस फूट. त्या दरात ड्रॉवर आहेत का, आतून सनमायका आहे का, बिजागऱ्या, चॅनेल, कुलुपं कुणाची? हे सगळं लिहून घ्या. कागदावर दोघांच्या सह्या असल्या की काम संपताना वाद होत नाही.

आता तिसरा प्रश्न. किल्ली.

कपाटात कुलपाचा एक ड्रॉवर सगळेच करतात. त्यात घरातलं सोनं, पासबुकं, सातबारा, मुलांचे जन्मदाखले जातात आणि किल्ली घरातल्या एका माणसाकडे जाते. सुनेचे दागिने, तिच्या खात्याचं पासबुक, तिची गुणपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला हेही त्यातच. एखाद्या दिवशी तिला बँकेत जायचं असतं, तर किल्ली मागावी लागते. मागितली की विचारणा होते, “कशाला हवी?” यात कुणी दुष्ट असतं असं नाही. पण स्वतःची कागदपत्रं मागून घ्यावी लागली की बाई हळूहळू मागायचंच सोडून देते, हे आम्ही पाहिलं आहे.

कायदा याबाबत स्वच्छ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सांगितलं, की स्त्रीधनावर त्या स्त्रीची पूर्ण मालकी असते. ते सासरी ठेवायला दिलं म्हणून नवऱ्याचं किंवा सासरच्यांचं होत नाही. पण न्यायालयापर्यंत जायची वेळ यावी कशाला? कपाटाच्या नकाशातच सोय करा. एका कुलपाऐवजी दोन करा, एक सासूबाईंचं, एक सुनेचं. ज्या घरात जाऊ आहे, तिथे तिलाही तिचं. एका लहान ड्रॉवरचा आणि कुलपाचा खर्च एकूण खर्चात फारसा जाणवत नाही. कपाट झाल्यावर सुनेने वेगळी किल्ली मागितली तर ते अविश्वासाचं वाटतं. नकाशात आधीपासून असलं तर कुणाला काही मागावंच लागत नाही, आणि सासूबाईंनाही त्यांचं त्यांचं सुख मिळतं. प्लायच्या ड्रॉवरचं कुलूप चोर अडवत नाही, हे ध्यानात असू द्या. मोठं सोनं बँकेच्या लॉकरमध्येच. हे कुलूप फक्त एवढंच सांगतं की आतलं कुणाचं आहे. कागदांचा ड्रॉवर सगळ्यात खाली ठेवू नका. घरात पाणी शिरलं तर पहिला तोच भिजतो.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कपाट काढा. प्रत्येक कप्प्यात नाव लिहा, वस्तूचं नव्हे, माणसाचं. मग त्या मापाने भिंतीवर खडूने रेघा मारा आणि सासूबाईंना, मुलांना, घरधन्यालाही त्यापुढे उभं करून हात वर करायला लावा. पलंग आणि कपाट यांत दार उघडून उभं राहायला अडीच-तीन फूट उरतात का, तेही बघा. ज्याचा हात पोचत नाही, त्याची रेघ खाली घ्या. खडूची रेघ पुसायला काही पडत नाही. ठोकलेली फळी काढायला पैसे पडतात.

मिस्त्री येतील त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. तुम्ही कागद घेऊन टेपच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहा.

आज इथेच थांबतो. नमस्कार.