उज्जैनच्या यात्रेत लहान मुलाचा आहार



यात्रेला निघावयाचे ठरले की घरातील वडीलधारी मंडळी पंचांग पाहतात, कर्ता पुरुष गाडीची तिकिटे आणि उतरण्याची जागा पाहतो, गृहिणी कपड्यांच्या घड्या घालू लागते. बरोबर येणारे तीन वर्षांचे मूल काय खाईल, केव्हा खाईल आणि कोठे बसून खाईल, हा प्रश्न मात्र बहुधा गाडी सुटल्यावर निघतो. तोपर्यंत त्याचे उत्तर बिस्किटाच्या पुड्यापलीकडे फारसे उरलेले नसते. आजच्या भाषणात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा असून, उदाहरणादाखल उज्जैनची यात्रा घेतली आहे.

उज्जैन घेण्यास कारण आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी महाकालेश्वराचे हे स्थान महाराष्ट्राला परके नाही. आज उभे असलेले देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी बांधविले, आणि शिंदेशाहीबरोबर गेलेली मराठी घराणी माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये देवळालगत ‘महाकाल लोक’ हा सुमारे ९०० मीटर लांबीचा, पुराणकथांतील मूर्तींनी सजविलेला परिसर खुला झाल्यापासून यात्रेचे स्वरूप पालटले. पूर्वी म्हातारी माणसे दर्शनास जात; आता मुलाबाळांसह सारे कुटुंब दोन-तीन दिवसांच्या सहलीस निघावे तसे निघते. २०२८ साली तेथे सिंहस्थ भरावयाचा आहे, आणि तोही चैत्र-वैशाखाच्या उन्हात.

अशा प्रवासात सर्वसाधारणपणे आधी दर्शनाच्या वेळा ठरतात आणि उरलेल्या फटीत मुलाचे जेवण बसविले जाते. हा क्रम उलटा करावयास हवा. मुलाच्या खाण्याच्या आणि झोपेच्या वेळा घरच्याप्रमाणे आधी मांडाव्यात व दर्शन, फिरणे, खरेदी त्यांच्या भोवती बसवावी. ह्यात मुलाचे लाड नाहीत. एक ते तीन वर्षे वयाच्या मुलास दिवसाकाठी सुमारे १००० उष्मांक लागतात. वजनाच्या मानाने पाहिले तर ही गरज प्रौढ माणसाच्या दुपटीच्या आसपास जाते. जठर मात्र लहान. म्हणून ते एका बैठकीत पुरेसे खाऊ शकत नाही आणि अडीच-तीन तासांनी त्याला पुन्हा काहीतरी लागते. मोठी माणसे रांगेत चार तास उपाशी उभी राहिली तर थोडी चिडचिड करतील आणि देवाचे नाव घेतील. मूल गळून जाते, आणि गळून गेलेले मूल नंतर समोर पंचपक्वान्ने ठेवली तरी तोंड फिरविते.

समजा, मुंबईचे एक कुटुंब आहे. आजी, आई, वडील आणि तीन वर्षांची मुलगी. सायंकाळी सुटणारी अवंतिका एक्स्प्रेस त्यांना रात्रभराच्या प्रवासाने सकाळी उज्जैनला उतरविते. ह्या एका रात्रीसाठी जुन्या बायका जी शिदोरी बांधीत, तीच आजही उत्तम आहे. दशमीची कणीक दुधात मळतात, पाण्याचा हात लागू देत नाहीत. म्हणूनच ती साध्या पोळीपेक्षा अधिक टिकते आणि मऊही राहते. साधा वरणभात डब्यात भरून नेण्याचा मोह आवरावा. शिजविलेला भात उबदार हवेत दोन तासांहून अधिक राहिला की त्यात जंतू वाढू लागतात, आणि काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. दशमी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, मेतकुटाची डबी, भाजलेल्या नाचणीचे पीठ, उकळून गार केलेले पाणी, मुलीची स्वतःची वाटी आणि चमचा, एवढे सामान एका वेगळ्या पिशवीत असावे, आणि ती पिशवी आईच्या हाताशी असावी. बाकाखालच्या पेटीत नव्हे. शेंगदाणे, फुटाणे आणि चिक्की ह्या पिशवीत घालू नयेत. धावत्या गाडीच्या हिसक्यात असा दाणा मुलाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणी तापविण्याची विजेची किटली खोलीवर फार उपयोगी पडते, परंतु गाडीतील मोबाईलच्या जागी ती लावण्यास रेल्वेची मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सकाळी उज्जैनमध्ये पोह्यांची चिंता नाही. माळव्यातील पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे ते गरम मिळतात व तेलकटही नसतात. वर शेव आणि जिरावण नावाचा तिखट-आंबट मसाला भुरभुरण्याची तेथे पद्धत आहे. तो घालण्यापूर्वीच, “भैया, बच्ची के लिए सादा,” असे सांगितले की काम भागते. न्याहारी होताच दर्शनास जावे; मुलीच्या पोटात अन्न असते, ऊन चढलेले नसते. रांगेत दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी आणि मध्ये एक केळे पुरेसे होते. प्रसादाचा बेसनाचा लाडू मुलांना आवडतो. त्यातील सुक्या मेव्याचे तुकडे काढून लहानसा घास द्यावा, सबंध लाडू हाती देऊ नये. गोडाने भूक मरते आणि दुपारचे जेवण फसते.

दुपारी दाल-बाफला मिळतो. बाफला आधी उकळून मग भाजलेला व तुपात बुडविलेला असतो. आतला मऊ भाग कुस्करून सौम्य डाळीत कालविला की मराठी मुलास तो आपल्या वरणपोळीसारखाच लागतो. तूप पुष्कळ असल्याने अर्धा बाफला झाला तरी खूप झाले. त्यानंतर दोन तासांची झोप. ही झोप कापून जंतरमंतर पाहावयास जाणारे पालक सायंकाळी त्याची किंमत मोजतात.

सायंकाळ हाच खरा कसोटीचा भाग आहे. महाकाल लोकातील दिव्यांची रोषणाई पाहून मंडळी निघतात आणि ‘आता काहीतरी चमचमीत’ म्हणून रेल्वेमार्ग ओलांडून फ्रीगंजात, टावर चौकात येतात. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती दिवे लागले की खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. भेळ, पाणीपुरी, पावभाजी, लोणी लावलेला मका, कचोरी, साबुदाण्याची खिचडी, कुल्फी. मुंबईकरास आपली चौपाटीच आठवते. चौक रमणीय आहे, आणि प्रौढांनी तेथे मनसोक्त खावे ह्यात कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो वेळेचा. साडेआठ-नऊ वाजलेले असतात, मुलगी दुपारनंतर जेवलेली नसते, गर्दीत कडेवर अवघडलेली असते. भाजी तिखट लागते म्हणून ती रडते. रडणे थांबावे म्हणून तिच्या हाती रंगीत बर्फाचा गोळा दिला जातो. गोळा खाऊन ती खांद्यावर झोपी जाते. “जेवली बाई एकदाची,” असे आजी म्हणतात खऱ्या, परंतु पोटात साखर आणि पाणी ह्यांपलीकडे काहीही गेलेले नसते. रात्री दोन वाजता ती भुकेने उठते, तेव्हा सारे शहर निजलेले असते आणि खोलीत बिस्किटाखेरीज काही नसते.

टावर चौकात मुलास जेवावयास नेऊ नये. जेवू घालून न्यावे. सात वाजता खोलीवर किंवा भोजनालयात गरम साधा भात मागवावा, त्यावर तूप-मेतकूट घालावे, वाटीभर ताजे दही असल्यास द्यावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. मग पोट भरलेली मुलगी चौकात आली की ती भुकेली नसते, केवळ कुतूहलाने पाहते. ती आईच्या ताटलीतील घास मागते, आणि तो देता येतो. तिला वगळावे असे नाही, कारण सर्वजण खात असताना एकट्या मुलास उपाशी पाहुण्यासारखे बसविणे हेही योग्य नव्हे. तिच्यासाठी काय निवडावे याची कसोटी सोपी आहे. जे डोळ्यांदेखत तव्यावरून किंवा उकळत्या भांड्यातून निघाले ते चालेल. तव्यावर भाजलेला पाव, चांगला शिजलेला मऊ मका चार-चार दाणे करून, उकळत्या कढईतील दूध कोमट करून. जे गार, कच्चे किंवा पाण्याचे आहे ते टाळावे. चटण्या, पाणीपुरीचे पाणी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फ ह्यांत धोका अधिक असतो. गोठविल्याने जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. थंडीत ते निद्रिस्त राहतात आणि पोटात गेल्यावर जागे होतात. पदार्थ तिच्या स्वतःच्या वाटीत घ्यावा. बादलीत विसळलेल्या ताटल्यांपासून रक्षण होते, आणि ओळखीची वाटी पाहून मूल अनोळखी पदार्थही निर्धास्तपणे चाखते, असा पुष्कळ आयांचा अनुभव आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उज्जैनमध्ये भांग हा महादेवाचा प्रसाद मानला जातो व ती उघडपणे मिळते. कोठेही ठंडाई घेताना ती बिनभांगेची आहे ना, हे विचारूनच घ्यावे. लहान मुलास तर ती देऊच नये. चुकून पोटात गेली आणि मूल असाधारण सुस्त झाले, झोकांड्या खाऊ लागले किंवा जागे होईना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि भांगेची शंका डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. संकोचापायी ही गोष्ट लपविली तर निदानास उशीर होतो.

सोमवारी आजींचा उपवास असतो. त्यांच्याबरोबर नात दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर राहते, आणि घरात कोणाला त्यात वावगे वाटत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाढत्या मुलास लागणारी प्रथिने त्यात नगण्य असतात. जी काही भर पडते ती दाण्याच्या कुटाची. लहान मुलास उपवास नसतो, हे शास्त्रही सांगते आणि आजींनाही ते मान्य असते. फक्त त्या दिवशी वेगळा स्वयंपाक कोठे करावयाचा, एवढाच प्रश्न असतो. दूध, केळे आणि सकाळचे साधे पोहे ह्यांनी तो सुटतो.

पहाटे चारच्या भस्मारतीसाठी लोक मध्यरात्रीपासून रांगेत उभे राहतात. तीन वर्षांच्या मुलास त्यासाठी उठविणे म्हणजे दुसऱ्या दिवसाचे सर्व वेळापत्रक मोडणे. एकाने मुलाजवळ थांबावे, बाकीच्यांनी जावे. दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. ज्यांचे मूल सहा महिन्यांच्या आतील आहे त्यांना आहाराचा प्रश्नच नाही. त्याला आईचे दूध पुरेसे असते, वरचे पाणीही नको. मात्र आईने स्वतः वेळेवर जेवावे व भरपूर पाणी प्यावे. वर्षाच्या आतील मुलास प्रवासात खोकला झाला म्हणून मध चाटवू नये, कारण त्यातील काही जीवाणूंमुळे अशा तान्ह्या मुलास गंभीर विषबाधा होऊ शकते.

इतकी दक्षता घेऊनही जुलाब होऊ शकतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचविले. तेच औषध आज ओ. आर. एस.च्या पुडीत मिळते. पुडीवर लिहिल्याप्रमाणे, म्हणजे मोठी पुडी असल्यास ती संपूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात, विरघळवावी; अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाबात मुलास उपाशी ठेवण्याची जुनी चाल सोडून द्यावी. मऊ भात, केळे, आईचे दूध चालूच ठेवावे. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, शौचात रक्त दिसणे, मूल मलूल होऊन पाणीही न पिणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर दर्शन बाजूला ठेवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; ती मध्य प्रदेशातही मिळते.

परतीच्या गाडीची शिदोरी आदल्या दिवशी भरावी. शिल्लक दशम्या एव्हाना शिळ्या झालेल्या असतात, त्या मोठ्यांनीही खाऊ नयेत. सकाळी फ्रीगंजातील बाजारातून न कापलेली केळी आणि संत्री घ्यावीत, खोलीवर पाणी उकळून बाटल्या भराव्यात, भोजनालयातून कोरड्या पोळ्या निघण्यापूर्वी तासभर आधी करवून घ्याव्यात. मुलीची वाटी आणि चमचा धुऊन पुसून वेगळ्या पिशवीत सर्वांत वर ठेवावा; गाडी सुटल्यावर पहिली गरज त्याचीच लागते.