स्प्रिंगने चेंडूला किती ऊर्जा दिली?

खेळण्यातल्या बंदुकीत चेंडू भरताना स्प्रिंग सुरुवातीला सहज दबते, मग हाताला जड लागते. जितकी दाबावी तितका तिचा विरोध वाढतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी हा नियम १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला.

आता हिशोब करू. समजा, स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबल्यावर तिचं बल २० न्यूटन भरतं. म्हणजे साधारण दोन किलो वजन पेलण्याइतकं. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पण इथे २० ला थेट ०.१ मीटरने गुणलं की उत्तर चुकतं. कारण स्प्रिंग सुटताना बल २० वरून शून्यावर उतरत जातं. म्हणून सरासरी घ्यायची, १० न्यूटन. १० गुणिले ०.१, म्हणजे कार्य झालं १ ज्यूल.

घर्षण आणि स्प्रिंगचं स्वतःचं वजन सोडून दिलं, तर ही सगळी ऊर्जा चेंडूला मिळते. ५० ग्रॅमचा चेंडू आडवा सुटला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, सरळ वर सोडला, तर दाबलेल्या जागेपासून सुमारे दोन मीटर उंची.

आणि स्प्रिंग दुप्पट दाबली तर? बलही दुप्पट, अंतरही दुप्पट; म्हणून कार्य चौपट, उंचीही चौपट. वेग मात्र दुप्पटच. विद्यार्थीमित्रांनो, हा शेवटचा हिशोब वहीत स्वतः करून पाहा.