‘असेल’ की ‘असता’?



‘आय’ला ‘वॉज’ लागतं, मग ‘इफ आय वेअर’ का, असा प्रश्न इंग्रजीच्या तासाला सगळ्यांनाच पडायचा. त्याचं उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे : संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं’ म्हटलं की पाऊस पडला नाही, हे न सांगता कळतं. इंग्रजीतलं ‘वेअर’ही तेच सांगतं : ही नुसती कल्पना आहे.

सॉफ्टवेअरच्या कामात हा फरक फार महत्त्वाचा. ‘बॅकअप घेतला असेल, तर डेटा मिळेल’ म्हणजे शोधत राहा. ‘घेतला असता, तर मिळाला असता’ म्हणजे आशा सोडा. इंग्रजीत पहिल्याला ‘वॉज टेकन’ चालतं, दुसऱ्याला ‘हॅड बीन टेकन’च हवं. परदेशातली टीम रात्रभर शोधत बसणार की झोपणार, हे त्या एका क्रियापदावर ठरतं. म्हणून नव्या मुलांना मी सांगते, आधी मराठीत विचारा, ‘असेल’ की ‘असता’? मग इंग्रजी लिहा.

सर, बाई, तुम्ही शिकवलं नसतंत, तर हे मला सांगता आलं नसतं. हे वाक्यही संकेतार्थीच. तुम्ही शिकवलंत, म्हणून आज बोलते आहे.