कच्चा खर्डा आणि पक्के काम



कादंबरीचा खर्डा पुन्हा तपासणे हे काम भोसरीच्या श्रोत्यांना परके वाटू नये. लेथवरून उतरलेला जॉब कोणी तसाच गिऱ्हाइकाकडे धाडीत नाही. त्याची बर काढतात, मायक्रोमीटर लावून पाहतात. फरक एवढाच, की जॉबवर जादा कट बसला तर तो भंगारात जातो. खोडलेले वाक्य मात्र परत घेता येते. म्हणून जुना खर्डा फाडू नये, आणि खोडायला भिऊही नये.

हरिभाऊ आपट्यांना ही सवड फारशी नव्हती. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. पुढचे प्रकरण लिहावे, तोवर मागचे वाचकांच्या हाती पडलेले! उलट 1955 सालची व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पाहा. माणदेशातली एक वाडी, एक तरुण मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. दुष्काळावर लेखकाचे व्याख्यान नाही. वाडी ओस पडते, एवढेच दिसते, आणि तेवढे पुरते.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, एखादा कामगार कादंबरी लिहीत आहे. पहिल्या खर्ड्यात तो लिहितो, "भांडवलशाहीच्या राक्षसी चक्रात त्याची बोटे चिरडली." गेटसभेत ह्या वाक्याला टाळी पडेल. पण प्रेसवर काम केलेला माणूस विचारील, "अहो, ह्या प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडत नाही. मग बोटे आत गेलीच कशी?" उत्तरासाठी लेखकाला पुन्हा खात्यात जावे लागते. तेथे कळते, की माल जास्त निघावा म्हणून बटणे निकामी करून पायाचे पेडल जोडले होते. मग वाक्य असे होते : "बटणे काढून पेडल लावले, त्याच्या तिसऱ्या दिवशी पोराची दोन बोटे गेली." राक्षस नाहीसा झाला, आणि पेडल लावायला सांगणारा माणूस दिसू लागला.

अपघाताच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहून मोकळे होणे सोपे असते. मोघम कादंबरी नकळत त्याच कागदाला साथ देते. कारण चक्राला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो.

शुद्धलेखन जरूर तपासावे. परंतु मराठवाड्यातून आलेल्या पोराच्या तोंडची बोली पुणेरी करू नये. खर्डा सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. ते जेथे चुळबुळ करतील तेथे समासात खूण करावी. पुढे त्यांनी स्तुती केली तरी ती खूण पुसू नये.

पहिला खर्डा जिद्दीवर लिहून होतो. दुसऱ्याला फुरसत लागते. बारा बारा तास राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला ती कोठून मिळणार? म्हणून आठ तासांच्या पाळीची मागणी ही साहित्याचीही मागणी आहे. ज्याने ते पेडल डोळ्यांनी पाहिले, त्याला दुसरा खर्डा लिहिण्याइतका वेळ मिळाला पाहिजे, एवढे मागणे आपल्यापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.