वन राखायचे, तर आधी समाज समजून घ्यावा



पावसाळा आला की खानदेशात गावोगावी वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतील किती रोपे जगली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ती कोणाच्या शेळ्यांनी खाल्ली आणि त्या शेळ्यांना दुसरी चराई कोठे होती, हे तर कोणीच विचारीत नाही. रोप कोणते लावावे, हे वनस्पतिशास्त्र सांगते. ते जगेल की नाही, हे बहुतांशी गाव ठरवते. म्हणूनच निसर्गरक्षणाला समाजशास्त्राची जोड हवी.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले की, सर्वांना मोकळे असलेले कुरण अखेर उजाड होते. कारण जनावर वाढविण्याचा लाभ एकाला मिळतो आणि हानी सर्वांत वाटली जाते. त्यावर सरकारी ताबा किंवा खासगी मालकी, हे दोनच उपाय मानले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने अनेक देशांतील वने, कुरणे व कालवे यांच्या अभ्यासातून १९९० साली तिसरा मार्ग दाखविला. सीमा स्पष्ट असल्या, नियम वापरणाऱ्यांनीच केले, राखण त्यांनीच केली आणि दंड अपराधाच्या प्रमाणात असला, तर समाज आपली सामाईक संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकवू शकतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सिद्धांताचा प्रत्यय धुळे जिल्ह्यातच येतो. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे कोकणा समाजाची वस्ती असलेले लहानसे गाव. वृक्षतोडीने डोंगर बोडके झाले होते आणि पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागत होती. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांच्या सहवासात आलेले चैत्राम पवार एम.कॉम. होऊनही नोकरीसाठी शहरात गेले नाहीत. १९९०च्या दशकाच्या आरंभी ग्रामस्थांनी एकत्र बसून नियम केले. झाड तोडणाऱ्यास दंड ठरला, जंगलात बैलगाडी नेण्यास मनाई झाली, राखणदार नेमले गेले. सुमारे ११०० एकर वन पुन्हा उभे राहिले आणि पाणी परतले. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने गावाचा गौरव केला. २०२५ साली चैत्राम पवार ‘पद्मश्री’ने सन्मानित झाले.

यातील मर्म दंडाच्या रकमेत नाही. दंड भरणारा आणि तो ठरविणारा एकाच बैठकीत शेजारी बसले होते, हे ते मर्म आहे. शिवाय वनातून गावाला काही मिळत राहिले. तेथे भरणाऱ्या रानभाज्यांच्या पाककला स्पर्धेत गावोगावच्या भगिनी येतात. वनाची जाण ज्यांच्या हाती आहे, त्यांना तेथे मानही मिळतो.

जळगाव जिल्ह्यातील प्रश्न अधिक कठीण आहे. सातपुड्यातील यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले; त्याचे क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर. तेथील वृक्षतोडीची चर्चा होते, तेव्हा ‘अतिक्रमण करणारे’ या एकाच शब्दात सर्वांना गुंडाळले जाते. पिढ्यान् पिढ्या कसणारे भिल्ल वा पावरा कुटुंब, अलीकडे येऊन रान साफ करणारा आणि लाकडाचा व्यापारी हे तिघे एक नव्हेत. हा भेद न ओळखता केलेली कारवाई निरपराधाला दुखावते आणि खऱ्या अपराध्याला लपायला जागा देते. २००६च्या वनहक्क कायद्याने दाव्यांची पहिली छाननी ग्रामसभेकडे सोपविली आणि हक्काबरोबर वन राखण्याचे कर्तव्यही सांगितले. हक्काचा कागद हाती पडल्यावर या कर्तव्याचा विसर पडला, तर कायद्याचा अर्धाच भाग अमलात येईल.

वाघदेवाला पुजणाऱ्या समाजाला वन्यजीवांचे प्रेम बाहेरून शिकविण्याची गरज नाही. त्याची अडचण जाणून घेण्याची मात्र गरज आहे. घरी सरपण किती लागते, ते कोण आणते, गुरे कोठे चरतात, वाघाने जनावर मारले तर भरपाई किती दिवसांनी हाती येते, याची नोंद कोणताही कार्यकर्ता वहीत करू शकतो. त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. घरोघरी जाण्याची आणि ऐकून घेण्याची सवय लागते. ती सवय संघटनेच्या कार्यकर्त्याला असतेच.

येत्या पावसाळ्यात रोप हाती घेण्यापूर्वी एक संध्याकाळ गावाच्या पारावर घालवावी. रोप कोठे लावावे आणि ते कोण राखील, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथेच मिळतील.